पाट्यावरचं चॉकलेट

मला चॉकलेट करता येतं, असं मी सिस्टरला छातीठोक सांगितलं, तेव्हा आयुष्यात मी जेमतेम तीनदा चॉकलेट खाल्लं होतं. एकदा वरातीत उधळलेलं, रस्त्यावरून उचललेलं. एकदा पोराला शाळेत पंधरा ऑगस्टला मिळालेलं, त्यातलं त्यानं अर्धं चाखून मला दिलेलं. तिसऱ्या वेळचं आठवत नाही, पण दोनदाच खाल्लं म्हणायला अजूनही जीव धजत नाही.

तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि आपल्याला येत नाही असं जगात काही नाही, अशी माझी समजूत होती. तेव्हाची ती बाई आज मला रस्त्यात दिसली, तर मी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पलीकडच्या बाजूनं निघून जाईन. कारण एकदा थांबवलं की ती लोणच्यापासून लग्नापर्यंत सगळं समजावून सांगायची.

सुरतेत प्लेगची आवई उठली होती, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. आम्ही नवागामला राहायचो. आमचे हे लूमच्या कारखान्यात फिटर होते. मी गल्लीतल्या धुळे-जळगावकडच्या घरांना खानदेशी काळा मसाला करून द्यायचे. मी मसाला भाजायला घेतला की अख्खी गल्ली शिंकायची, आणि त्या शिंका मला टाळ्यांसारख्या वाटायच्या. सांगते ना, अशी होते मी.

सिस्टर म्हणजे समोरच्या खोलीत राहणारी केरळची नर्स. पर्वत पाटियाजवळ एका छोट्या दवाखान्यात होती. तिशीची, एकटी, बोलायला कमी. मला ती 'चेची' म्हणायची, म्हणजे त्यांच्याकडची मोठी बहीण. मी तिला सिस्टर म्हणायचे. त्यामुळे आमची ओळख झाली त्या दिवसापासूनच आम्ही बहिणी होतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. आमची भाषा हिंदी, पण अशी हिंदी की खऱ्या हिंदीवाल्यानं ऐकली तर तो उठून गेला असता.

प्लेगच्या वेळी आम्ही एक पिशवी घेऊन गावाकडे पळालो होतो. ती पळाली नाही. ड्यूटी होती, म्हणाली. आम्ही परतलो तेव्हा माझी तुळस टवटवीत होती, आणि माझ्या मसाल्याच्या बरण्यांना बुरशी येऊ नये म्हणून तिनं त्या अधूनमधून उन्हात ठेवल्या होत्या. याचे आभार मी कधी धडपणे मानले नाहीत. म्हणून ती पुढच्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी गोणपाटाची पिशवी घेऊन दारात आली, तेव्हा तिनं काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

पिशवीत बिया होत्या. तपकिरी, बदामापेक्षा मोठ्या, वास आंबूस, व्हिनेगरसारखा. आमच्या ह्यांनी एक उचलून दिव्यापाशी धरली आणि विचारलं, "हाई काय शे? एवढा मोठा चिंचोका?"

सिस्टरनं सांगितलं, हा कोको. याचंच चॉकलेट होतं. तिच्या वडलांची डोंगरात जमीन होती. मोठमोठ्या जुन्या झाडांचं रान, वर इतकी दाट सावली की दुपारीही खाली हिरवा अंधार, आणि त्या सावलीत वडलांनी लावलेली कोकोची झाडं. फळं थेट खोडाला लागतात, पपईसारखी, आणि निम्मी शेकरं खाऊन जातात. बिया केळीच्या पानांत झाकून आठवडाभर आंबवायच्या, मग वाळवायच्या. म्हणून तो वास. कोकोचा भाव कधीच पडला होता आणि आसपासचे सगळे रबर लावत होते. तिच्या भावालाही रबर लावायचं होतं. रबर लावायचं म्हणजे आधी उभं रान आडवं करायचं, मग उतार पायऱ्या-पायऱ्यांनी खणायचा.

आणि त्या जमिनीत आणखी एक गोष्ट होती. तिनं पर्समधून फोटो काढला. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेलं मातीचं भलंमोठं भांडं, वर दगडाचं झाकण सरकवलेलं. असे सात-आठ रांजण त्या रानात होते. एकदा कॉलेजातले कुणी प्राध्यापक येऊन दोरी बांधून, मोजून, चित्रं काढून गेले होते. म्हणाले, फार फार जुन्या माणसांचं हे काम. त्यांनी आपल्या मेलेल्यांची हाडं या रांजणांत ठेवली, वर दगड ठेवला. हे खणू नका.

इथे मला माझ्याविषयी खरं सांगायला हवं. सिस्टर रान, शेकरं, पूर्वज सांगत होती आणि माझी नजर त्या रांजणावर होती. आमच्याकडे जमिनीतलं भांडं म्हटलं की गुप्तधन. मी अगदी सहज विचारल्यासारखं केलं, "अंदर कुछ मिला?"

"हाडं," ती म्हणाली. "आणि मणी."

"मणी सोन्याचे?"

"दगडाचे, चेची."

माझा रस ओसरला आणि लगेच भीती वाटली. मेलेल्यांच्या रानातल्या बिया आपल्या घरात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गोणपाटापुढे गुपचूप एक नारळ फोडला.

तिचं म्हणणं असं होतं. वडील दोघांच्या मध्ये अडकले होते. त्यांनाही ते रान सोडवत नव्हतं, पण भाऊ रोज विचारायचा, हे कोण खातं, दाखवा. गल्फहून आलेलं चॉकलेट वडलांनी खाल्लं होतं, पण त्याचा आपल्या झाडाशी काही संबंध आहे, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. ते बिया पोत्यात भरायचे, व्यापारी घेऊन जायचा, संपलं. नाताळात वडील वाटणी ठरवणार होते. सिस्टरला रजा मिळाली होती. त्यांच्या हातावर त्यांच्याच झाडाचं चॉकलेट ठेवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. ते नाही जमलं, तर पावसाळ्याच्या आत कुऱ्हाड लागणार. तू भाजतेस, तू वाटतेस, गल्लीत तुझ्यासारखं कुणाला येत नाही, असं ती म्हणाली.

आता असं कुणी म्हटल्यावर मी काय करणार? म्हटलं, चॉकलेट ना, त्यात काय. मला येतं.

बिया चार किलो होत्या. त्यातल्या निम्म्या मी पहिल्या दिवशीच घेतल्या, ती ड्यूटीवर असताना. तिला आयती थाळी दाखवायची होती ना. लोखंडी कढई ठेवली आणि खोबरं, दगडफूल भाजते तशा भाजल्या. म्हणजे काळ्या होईपर्यंत. काळा मसाला काळा होतो तो भाजण्यानंच, तेव्हा चॉकलेटही तसंच होत असणार, असा माझा हिशोब. सालं काढली आणि पाट्यावर घेतलं. त्या पाट्यावर सोळा वर्षं लसूण-मिरची वाटली होती. मी तो धुतला होता, दोनदा. माझ्या मते ते पुष्कळ झालं.

वाटताना ते सुरुवातीला भुसभुशीत होतं, मग जरा चिकट व्हायला लागलं. इतकं छान होत आलं होतं की काय सांगू. आणि मग माझा हात आपोआप वाटीकडे गेला. वाटण घट्ट झालं की आम्ही पाण्याचा हबका मारतो. आईनं मारला, आजीनं मारला, मीही हजारदा मारला असेल. मी बोटं बुडवली आणि पाणी शिंपडलं.

ते जागच्या जागी गोठलं. वरवंटा सरकेना. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी घातलं. मग साखर घातली. मग, लाज वाटते सांगायला, चमचाभर तेल घातलं. शेवटी पाट्यावर एक काळा, दाणेदार गोळा उरला, शेणाच्या गोवरीला लाजवेल असा. चाखून पाहिला. आधी जळकं, मग कडू, मग थोडं गोड, आणि सगळ्यात शेवटी सावकाश, मागच्या दाराने आल्यासारखा, लसूण.

आमचे हे जेवायला आले. ताटाच्या कडेला मी थोडं ठेवलं होतं, न बोलता. त्यांनी भाकरीला लावून खाल्लं आणि म्हणाले, "आज चटणीले काय झायं?"

सिस्टरला मी चार दिवस सांगितलं नाही. ती दारातून विचारायची, झालं का, आणि मी म्हणायचे, सेट होतंय. हा शब्द मी तिच्याच तोंडून उचलला होता. चार दिवस ते सेट होत राहिलं, पिंपाच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून. रात्री मला झोप लागायची नाही असं मी म्हणणार होते, पण तेही खोटं. मी छान झोपायचे. मात्र सकाळी तिची चप्पल वाजली की मी कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचे. त्या चार दिवसांत आमच्या घरातले कपडे जितके वाळले तितके कधी वाळले नाहीत.

पाचव्या दिवशी ती गच्चीवर आली. माझ्या हातातली कोरडी ठणठणीत चादर तिनं काढून घेतली, घडी केली आणि विचारलं, "चेची, पानी डाला क्या?"

मी मान हलवली.

"कितना?"

मी वाटीचा आकार दाखवला. ती भिंतीला टेकून उभी राहिली, खाली लूमचा खडखडाट चालू होता. मला वाटलं रडेल. त्यापेक्षा तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, अजून दोन किलो आहेत. आणि हे संपलं तर आता नाताळाच्या आत दुसरं येणार नाही.

त्या वाक्यानं माझी सगळी हुशारी उतरली. म्हणजे कायमची नाही, पण त्या महिन्यापुरती तरी उतरली.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकाच्या बाबतीत कुणाला तरी विचारलं. सिस्टरलाही फारसं माहीत नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकताना तिनं एका म्हाताऱ्या ननला दुधात घालायला कोको करताना पाहिलं होतं, एवढंच. पण तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की बीमध्ये तूप असतं आणि पाणी त्याचा शत्रू. तूप म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. शेंगदाण्याचा कूट पाट्यावर जास्त वेळ घोटला की तेल सुटतं आणि तो ओलसर होतो, पाण्याशिवाय. कारळ्याचंही तसंच. म्हणजे ही मसाल्याची जात नव्हे, ही कारळ्याची जात. हे मला आधी सुचायला काय झालं होतं? सुचलं नाही, कारण मला येत होतं ना.

पाट्याचा प्रश्न होता. गल्लीत टाकी लावणारी बाई यायची, छिन्नी-हातोडी घेऊन. तिच्याकडून मी पाट्याचा वरचा थरच काढून घेतला. तिनं विचारलं, एवढं खोल कशाला, दगड पातळ होईल. मी म्हटलं, होऊ दे. नंतर दोन दिवस त्यावर तांदूळ वाटून टाकले, दगडाची कच निघेपर्यंत. लसूण गेला. सोळा वर्षं गेली त्याबरोबर, पण ते तेव्हा लक्षात आलं नाही.

या वेळी भाजलं ते मंद आचेवर, आणि भाजलं तिनं. मी शेजारी हाताची घडी घालून बसले. मला सतत आच वाढवावीशी वाटत होती. सालं मात्र मी सुपात पाखडली, तो माझा प्रांत. साल उडून गेलं की खाली नुसते चमकदार तुकडे उरतात, तिनं तोंडात एक टाकला आणि डोळे मिटले. म्हणाली, घरचा वास आला.

डिसेंबरचं ऊन होतं. पाटा गच्चीवर उन्हात तापवला, खाली घमेल्यात थोडे निखारे ठेवले. आणि आम्ही वाटायला बसलो. आधी ती, मग मी, पुन्हा ती. पाण्याची वाटी मी स्वतः खाली ठेवून आले होते, जिन्याच्या तळाशी, कारण माझ्या हाताचा मला भरवसा नव्हता. तासभर नुसता भुगा. मग गोळा. मग त्या गोळ्याला चकाकी आली, आणि अचानक तो सैल पडला, पाट्यावरून हळूहळू ओघळायला लागला, काळ्या मधासारखा. आम्ही दोघींनी एकदम हात पुढे केले, पडू नये म्हणून, आणि दोघींचे हात कोपरापर्यंत माखले. पिठीसाखर घालून आम्ही तिच्या दोन सुट्ट्या आणि मधल्या संध्याकाळी ते वाटत राहिलो. माझा उजवा खांदा त्या कामाची आठवण अजून काढतो.

वाटताना ती त्या रांजणांबद्दल बोलायची. लहानपणी ती एका रांजणाच्या झाकणावर बसून अभ्यास करायची. आत कोण आहे याची भीती वाटायची नाही का, मी विचारलं. ती म्हणाली, कुणीतरी त्यांना इतकं नीट ठेवलं, म्हणजे ती कुणाची तरी लाडकी माणसं असणार. लाडक्या माणसांना काय भ्यायचं. मला माझा नारळ आठवला. मी तिला तो कधी सांगितला नाही.

थाळीला तूप न लावता ओतलं, थंड झाल्यावर सुरीनं वड्या पाडल्या, शंकरपाळ्याच्या आकाराच्या. दातांखाली जरा कचकच होती, पण चॉकलेट होतं. खरंखुरं. आमच्या ह्यांनी एक खाल्ली, दुसरी मागितली, आणि तिसरी न विचारता घेतली, तेव्हा मी डबा उचलून तिच्या खोलीत ठेवला.

ती निघायच्या आदल्या दिवशी डबा घेऊन धावत आली. वड्यांवर पांढरे डाग पडले होते. बुरशी, माझ्या मनात आलं, आणि तिच्याही. ती माझ्या ओट्यावर बसली आणि दोन्ही हातांत डबा धरून नुसती बघत राहिली. मी एक वडी उचलली आणि बोट घासलं. डाग बोटाच्या उबेनं विरघळला. बुरशी विरघळत नाही, बरण्या सांभाळणाऱ्या बाईला एवढं तरी कळतं. मी म्हटलं, हे तूप वर आलंय, घेऊन जा. आत मला खात्री नव्हती. पण बाहेरून तीच जुनी छातीठोक बाई उभी केली, आणि या एका वेळी तिचा उपयोग झाला.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात ती परत आली. मी दारातच गाठली. तिनं बॅग खाली ठेवली, ती पाणी प्यायली आणि मग तिनं सांगितलं.

भावानं वाट पाहिली नव्हती. खालच्या उतारावरची झाडं तो पाडून बसला होता, आणि खणताना दोन रांजण फुटले होते. वडील ओसरीवर बसलेले, कुणाशी बोलत नव्हते. तिनं डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. दात नव्हते, म्हणून त्यांनी वडी तोंडात धरून ठेवली, बराच वेळ. भाऊ चाखून म्हणाला, कडू आहे, माती लागते. वडलांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, हे कोणी वाटलं? ती म्हणाली, सुरतेची माझी चेची आणि मी, दगडावर.

मग ते म्हणाले, "इतकी वर्षं मी हे पोत्यात भरलं. तोंडात आज घातलं."

गुडघ्यांमुळे वर्षभरात ते वरच्या रानात गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिचा हात धरून गेले. फुटलेल्या रांजणांचे तुकडे त्यांनी तिथेच मातीनं झाकून घेतले. मोठ्या खडकापासून वर कुऱ्हाड लागणार नाही, असं भावाला सांगितलं, आणि वरचा सगळा भाग, उरलेल्या रांजणांसकट, हिच्या नावावर करायचा असं ठरवलं. मुलीच्या नावावर जमीन, तीही बिनलग्नाच्या. गावात लोक आठवडाभर त्यावरच बोलत होते.

मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या तिन्ही घरांत जाऊन सांगून आले, आणि सांगताना पाटा बराच मोठा केला आणि सिस्टर जरा लहान. मग मी घरी आले आणि ती तशीच बसलेली होती.

वडील म्हातारे होते. रान नावावर करून वाचत नाही, तिथे कुणी असावं लागतं. शेकरांना हाकलायला नाही, माणसांना हाकलायला. तिनं दवाखान्यात सांगून टाकलं होतं. मार्चअखेर ती जाणार होती, तिकडच्या कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात काम बघणार होती.

मी म्हटलं, चांगलं झालं. आणि पुढचे दोन-अडीच महिने तिच्याशी तुटक वागले. मीच रात्रंदिवस वाटून तिला तिचं रान मिळवून दिलं आणि ती चालली, असा माझा राग. ती सामान बांधायची, मी खिडकी लावून घ्यायचे. चाळिशीतली बाई, पण रुसवा सात वर्षांच्या पोरीचा. आमचे हे म्हणाले, "तिले मदत कर ना." मी म्हटलं, मला मसाल्याची घाई आहे. मार्चात मसाल्याची घाई असतेच, ते तेवढं खरं होतं.

निघायच्या दिवशी ह्यांनी तिच्या दोन पेट्या रिक्षात ठेवल्या. मी आत निजून होते. सांगितलं होतं, डोकं दुखतंय, स्टेशनवर यायला जमणार नाही. ती आत आली. पलंगाच्या कडेला बसली, माझ्या कपाळावर हात ठेवला, मग मनगट धरून नाडी पाहिली, अगदी घड्याळ लावून, पूर्ण मिनिटभर. मी डोळे मिटून घेतले होते. तिनं पर्स उघडल्याचा आवाज आला. हातावर एक गोळी ठेवली आणि म्हणाली, जेवल्यावर घे, रिकाम्या पोटी नको.

ती नर्स होती. तिला कळलंच असणार. मी उठून भाकरी खाल्ली आणि ती गोळी घेतली.